मुलांच्या मापाची ईद

2024ची ईदुल फित्र 11 एप्रिलला, गुरुवारी होती. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आमचा तीन वर्षांचा धाकटा मुलगा जरीच्या शेरवानीतच दिवाणावर झोपला होता. मानेवर जरी घासून लाल चट्टे उठले होते आणि सकाळपासून त्याच्या पोटात शीरखुर्म्याच्या चार चमच्यांपलीकडे काही गेले नव्हते. सहा वर्षांची लेक कोपऱ्यात बसून ईदी मोजत होती आणि रडत होती, कारण चुलत बहिणीची ईदी तिच्यापेक्षा जास्त निघाली होती. स्वयंपाकघरात सातवा पदार्थ गॅसवर होता. लेक डोळे पुसत आत आली आणि तिने विचारले, "अम्मी, ईद संपली का? तू तर बाहेर आलीच नाहीस."

त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. रात्री भांडी आवरून झाल्यावर आम्ही दोघे त्यावर बोललो आणि पुढे वर्षभर बोलत राहिलो. 2025ची ईद आम्ही वेगळ्या पद्धतीने केली. काही जमले, काही फसले. यंदाचा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होत आहे. लहान मुले असलेल्या घरांना उपयोग व्हावा, म्हणून तो अनुभव इथे मांडत आहोत. आम्ही भंडाऱ्यात राहतो. मुलांची अम्मी घरी शिवणकाम करते आणि अब्बू एका राईस मिलमध्ये हिशेब लिहितात. लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून त्यात 'आम्ही' आहे.

हप्त्यावरची ईद

आधी पैशाचे सांगतो, कारण त्याचीच जास्त लाज वाटते. 2024च्या ईदसाठी आम्ही 15,000 रुपये कर्ज घेतले होते. मुलांना दोन-दोन जोड, नवे पडदे, दिवाणाची चादर, पाहुण्यांसाठी काचेचा सेट, सुका मेवा आणि मटण. प्रत्येक वस्तू घेताना कारण एकच होते: "ईद आहे, वर्षातून एकदाच येते." हप्ता मात्र दर मंगळवारी येत होता. शेवटचा हप्ता पुढच्या रमजानच्या तोंडावर फिटला आणि त्या प्रत्येक हप्त्यात व्याज होते.

त्या वर्षी आपल्याकडे पूर्ण तीस रोजे झाले. तीस दिवस आम्ही हलाल पाण्याचा घोटसुद्धा वेळेआधी घेतला नाही, आणि त्याच महिन्याचा आनंद साजरा करायला इस्लामने ज्याला सक्त मनाई केली आहे ते व्याज घरात आणले. हे कुणी मौलानांनी आम्हाला सांगितले नाही. हप्त्याच्या पुस्तकावर सही करताना आमचे आम्हालाच कळले.

दुसरा खर्च वेळेचा होता. शिवणकाम करणाऱ्या घरात रमजानचे शेवटचे दहा दिवस कसे जातात, हे त्या घरातल्या बायकांनाच माहीत. मोहल्ल्यातल्या मुलींचे कुर्ते, गरारे, लेस, फॉल, बटणे. चांदरातीला पहाटे तीनपर्यंत मशीन चालू होते. दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे वेळेवर गेले. आपल्या मुलांना मेंदी लावायला मात्र कुणी मोकळे नव्हते. ईदच्या सकाळी घरात चिडचिड होती आणि मुले ती चिडचिड ओळखतात.

दादीच्या लहानपणची ईद

बदल करायचा म्हटल्यावर पहिली अडचण घरातच होती. मुलांच्या दादीचे वय सहासष्ट. "पदार्थ कमी करू" हे शब्द ऐकताच त्यांनी तोंड फिरवले. "माझ्या घरातली ईद कधी कमी झाली नाही," एवढेच म्हणाल्या. त्यांचे मन दुखवून साधेपणा आणण्यात अर्थ नव्हता. म्हणून एका संध्याकाळी लेकीने त्यांना विचारले, "दादी, तुम्ही माझ्याएवढ्या होतात तेव्हा ईदला काय काय असायचे?"

दादींचे माहेर पवनी तालुक्यातले एक खेडे. त्या आठ-दहा वर्षांच्या होत्या ती वर्षे 1968-69च्या आसपासची. तेव्हा ईदुल फित्र डिसेंबरात येत होती. आपल्या जिल्ह्यात ते दिवस धानाच्या कापणी-मळणीचे. बांधी रिकामी झालेली, अंगणात धानाचे ढीग, घरात नवा तांदूळ आणि बाहेर कडाक्याची थंडी. गावात रात्री दंडार असायची. ईदच्या सकाळी त्यांचे अब्बा न्हाणीपाशी मोठ्या हंड्यात पाणी तापवायचे. सगळ्या भावंडांचे कपडे एकाच थानाचे. पवनीच्या बाजारातून एक छापील थान यायचे, त्यातून मुलींचे झगे आणि उरलेल्या कापडातून धाकट्या भावाचा कुर्ता. शेवया घरच्याच, उन्हाळ्यात खाटेवर वाळवून डब्यात भरून ठेवलेल्या. त्या गुळाच्या पाण्यात शिजवायच्या आणि वरून दूध. दुपारी नव्या तांदळाचा भात आणि एक सालन.

"आणि?" लेकीने विचारले.

"आणि काय? झाले. मग आम्ही गावभर वाट्या पोचवायचो. प्रत्येक घरातून काही ना काही परत यायचे. चणे, मुरमुरे, एखादा पेरू. वाटी रिकामी कधी आली नाही."

दादी बोलता बोलता थांबल्या. त्यांनाही ते जाणवले असावे. ज्या सात पदार्थांना आम्ही घराण्याची परंपरा समजत होतो, ती भंडाऱ्यात घर झाल्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत वाढत गेलेली यादी होती. एका वर्षी जावेने दहीवडे केले, ते पुढच्या वर्षी ठरून गेले. दुसऱ्या वर्षी कुणी फिरनी केली, तीही ठरून गेली. यादीत भर पडत गेली, त्यातून काही वजा कधी झाले नाही.

मग दादी स्वतःच म्हणाल्या, "पदार्थाचे मला काही नाही. घरी माणसे आली पाहिजेत." हा धागा आम्ही धरून ठेवला. साधी ईद म्हणजे दार बंद करून बसणे असा अर्थ मुलांपर्यंत जाता कामा नये, हे दादींमुळे वेळेवर लक्षात आले.

साध्या ईदची एक झलक आपण सगळ्यांनी पाहिलेलीही आहे. 25 मे 2020ची ईद लॉकडाऊनमध्ये झाली. विदर्भातला ऐन उन्हाळा, ईदगाह बंद, बाजार बंद. नमाज घरात झाली. आजारपणाची आणि रोजगाराची चिंता होती, त्यामुळे ते दिवस परत यावेत असे कुणीच म्हणणार नाही. पण त्या दिवशी नव्या कपड्यांवाचूनही ईद झाली होती, एवढे खरे.

सुन्नतमध्ये मुलांची जागा

ईद साधी करायची तर काय ठेवायचे आणि काय सोडायचे? हे ठरवण्यासाठी आम्ही प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या ईदच्या दिवसाबद्दल हदीसमध्ये काय आले आहे ते वाचायला घेतले. ती यादी लहान आहे आणि तिच्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट लहान मुलाला करता येते.

ईदुल फित्रच्या नमाजला निघण्यापूर्वी प्रेषित (स.) खजूर खात आणि ते विषम संख्येत खात. म्हणजे एक, तीन, पाच. ईदगाहला एका वाटेने जात आणि दुसऱ्या वाटेने परतत. फितरा नमाजच्या आधी द्यावा अशी त्यांची आज्ञा आहे आणि तो घरातल्या लहान मुलांच्या वतीनेही द्यायचा आहे. हजरत उम्मे अतिया (रजि.) यांच्या कथनानुसार ईदच्या दिवशी बायका आणि मुलींनाही बाहेर घेऊन येण्यास सांगितले होते.

खेळाचेही उल्लेख आहेत. ईदच्या दिवसांत हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरात दोन मुली गात होत्या. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना दटावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना गाऊ द्या, हा आपल्या ईदचा दिवस आहे, अशा अर्थाचे सांगितले. हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करत होते आणि आयेशा (रजि.) प्रेषितांच्या (स.) आडून, मन भरेपर्यंत ते पाहत होत्या. नमाज पढवताना मूल रडल्याचा आवाज आला तर आईला त्रास होऊ नये म्हणून ते नमाज आवरती घेत.

हे वाचून आम्हाला आमच्या ईदकडे पाहायची दृष्टी मिळाली. खजूर, तकबीर, फितरा, नमाज, दोन वाटा, खेळ, भेटीगाठी. यातले काहीही उधारीवर आणावे लागत नाही. पडदे आणि काचेचा सेट कशात बसतात, ते आपोआप कळले.

आम्ही काय ठरवले

2025च्या रमजानपूर्वी आम्ही पाच गोष्टी ठरवल्या आणि कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या.

पहिली, कर्ज नाही. आदल्या बकरी ईदनंतर पिठाच्या जुन्या डब्यात दर आठवड्याला जमेल तसे पैसे टाकत गेलो. रमजान लागला तेव्हा त्यात 6,500 रुपये होते. ईदचा सगळा खर्च त्यातच करायचा, फितऱ्यासकट. फितरा आधी बाजूला काढला, मग उरलेल्यात बाकीचे.

दुसरी, शिवणकाम पंचविसाव्या रोज्याला थांबवायचे. नवे कपडे त्याआधीच घ्यायचे बंद. याने नुकसान झाले, ते लपवत नाही. तीन-चार गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, त्यातले एक घर परत आले नाही. पण त्या वर्षी एकोणतीसच रोजे झाले. तीस होतील या हिशेबाने मशीन चालू ठेवले असते तर चांदरात पुन्हा मशीनवरच गेली असती.

तिसरी, मुलांना एकच जोड आणि तोही सुती. लेकीचा आणि धाकट्याचा कपडा एकाच थानातून, दादींच्या वेळेसारखा. हा जोड ईदनंतर शाळेच्या कार्यक्रमात, लग्नात, शुक्रवारी घालता आला पाहिजे, एवढी एकच अट.

चौथी, सकाळी शीरखुर्मा आणि दुपारी एकच पदार्थ. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, हे नावातच आहे. दूध, खजूर, शेवया आणि आपल्याच जंगलपट्टीत मिळणारी चारोळी. बाकीचा मेवा परवडला तर.

पाचवी, ईदच्या दिवशी तीनच घरी जायचे. बाकीची घरे बासी ईदला आणि त्या आठवड्यात. मुलांचे दुपारचे झोपणे चुकवायचे नाही.

मुलांच्या हातात काय द्यावे

मुलांना ईद "दाखवण्या"पेक्षा त्यांच्या हाताला काम दिले की त्यांची ईद आठवडाभर आधीच सुरू होते, हा आमचा सगळ्यात चांगला अनुभव.

आमच्याकडे दादींचे एक पितळी पातेले आहे. भंडारा पितळी भांड्यांसाठीच ओळखला जायचा, त्या काळातले. शीरखुर्मा त्यातच होतो. पितळेत दूध शिजवायचे तर आतून कल्हई हवी. रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात मुलांना घेऊन कल्हईवाल्याकडे गेलो. भट्टीवर पातेले तापवणे, नवसागर टाकताच उठणारा पांढरा धूर, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाने पुसणे आणि क्षणात काळपट भांड्याच्या आत चांदीसारखा लख्ख थर. धाकटा घरी येऊन दिवसभर दादींच्या फुलपात्राला कल्हई करत बसला होता. त्याला विचारले तर आजही तो ईदची सुरुवात तिथूनच सांगतो.

दुसरे काम फितऱ्याचे. फितरा गव्हाच्या हिशेबाने माणशी पावणेदोन ते दोन किलोच्या आसपास धरतात. नेमकी रक्कम दरवर्षी आपापल्या मशिदीत जाहीर होते, तीच धरावी. आम्ही पैसेच दिले, पण मुलांना समजावे म्हणून एका माणसाचा गहू तराजूत मोजून दाखवला. घरात पाच माणसे. लेकीने पाचांचा गुणाकार केला. "धाकट्याचासुद्धा? तो तर रोजा ठेवत नाही," तिचा प्रश्न होता. घरातल्या प्रत्येकाच्या वतीने द्यायचा असतो, कारण ईदच्या दिवशी कुणाच्याही घरी चूल पेटायची राहू नये, असे सांगितले. पाकीट पोचवायला अब्बूंबरोबर लेक गेली. कुणाच्या घरी गेलो ते मात्र कुणाला सांगायचे नाही, हेही तिला शिकवले. तिने ते पाळले, अगदी दादींनासुद्धा सांगितले नाही.

ईदीचा प्रश्न आम्ही आमच्या भावंडांपुढे मांडला. कुटुंबातल्या सगळ्या मुलांना सारखी ईदी, वीस-वीस रुपये, नव्या नोटेत. ज्याला जास्त द्यायची हौस असेल त्याने ती नंतर द्यावी, सगळ्यांसमोर नको. एक जाऊबाई सोडून सगळ्यांनी मानले. मुलांचे रडणे त्या एका निर्णयाने थांबले.

रोज्याबद्दलही एक शब्द. लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. सहाबांच्या काळात मुलांना आशुऱ्याच्या रोज्याची सवय लावताना त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करून ठेवत आणि मूल भुकेने रडले की ते खेळणे देऊन इफ्तारपर्यंत त्याचे मन रमवत, असे हदीसमध्ये येते. त्यात प्रेम आहे, मिरवणे नाही. आता पहिल्या रोज्याला फ्लेक्स, हार आणि मंडप दिसू लागले आहेत. आमच्या लेकीने 2025 मध्ये दोन अर्ध्या दिवसाचे रोजे आणि एक पूर्ण रोजा ठेवला. त्या पूर्ण रोज्याच्या दिवशी तिच्या आवडीची भजी झाली आणि शेजारच्या दोन मैत्रिणी इफ्तारला आल्या. तिला तो मोठा समारंभच वाटला.

गुढी आणि चांद

2025 मध्ये एक सुंदर योग आला. 30 मार्चला रविवारी गुढीपाडवा होता. सकाळी शेजारच्या काकूंच्या दारात गुढी उभी राहिली, त्यांनी मुलांना साखरेची गाठी दिली. संध्याकाळी खांब तलावाच्या बाजूने आभाळात नखाएवढी कोर दिसली आणि मोहल्ल्यात चांद मुबारकचा गलका झाला. सोमवारी 31 मार्चला ईद. लेकीने विचारले, "काकूंचा सण आणि आपला सण एकाच दिवशी कसे ठरले?"

उत्तर शोधताना आम्हीही शिकलो. दोन्ही कालगणना चंद्राच्या आहेत. त्या अमावास्येनंतर चैत्र आणि शव्वाल दोन्ही महिने लागले. फरक एवढाच की चंद्राचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे, सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. मराठी पंचांगात ही तूट साधारण दर पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून भरून काढतात, म्हणून पाडवा वसंतातच राहतो. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, म्हणून ईद सगळ्या ऋतूंमधून फिरते आणि साधारण तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येते. 2024 मध्ये पाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 एप्रिलला होती. यंदाही दोन्ही एक-दोन दिवसांच्या अंतराने येत आहेत. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे 2027 मध्ये पाडवा पुढे सरकेल आणि ईद त्याच्या बरीच आधी येईल.

लेकीला सर्वात आवडलेली गोष्ट वेगळीच. 2033 मध्ये ईदुल फित्र दोनदा येईल, जानेवारीच्या अगदी सुरुवातीला आणि मग डिसेंबरच्या अखेरीस. तेव्हा ती पंधरा वर्षांची असेल. दादी ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे माझी थंडीतली ईद परत येणार." ईदची कोणतीही एक पद्धत कायमची नसते, हे यातून मुलांना सहज कळते. थंडीतली ईद वेगळी, परीक्षेच्या दिवसांतली वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी. उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या ईदला लहान मुलांना दुपारी घरोघर फिरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि दुधाचे पदार्थ फार वेळ बाहेर ठेवणेही बरे नाही.

कुठे अडलो

सगळे सुरळीत झाले असे नाही. ईदच्या दुपारी न सांगता दोन कुटुंबे आली आणि आमच्याकडे शीरखुर्मा आणि पुलाव एवढेच होते. एका मावशींनी हसत विचारले, "यंदा हात आखडला का?" अम्मीचा चेहरा पडला. खरे सांगायचे तर तो क्षण फार जड गेला. उत्तर दादींनी दिले. "नाही बाई, यंदा सुनेला माझ्याशेजारी बसवून घेतले आहे," असे म्हणून त्यांनी मावशींना दुसरी वाटी वाढली.

लेकीला चुलत बहिणीसारखा फुगीर गाऊन हवा होता. सुती झग्यावर ती आठवडाभर नाराज होती. शेवटी तिच्या पसंतीच्या डझनभर बांगड्या घेतल्या. साधेपणा हा आई-वडिलांचा निर्णय आहे. त्याची सगळी किंमत मुलानेच मोजावी, हे बरोबर नाही, असे आम्हाला वाटले. हट्टातली एखादी गोष्ट मान्य करावी. तिच्यासाठी ती बांगडीच ईद असते.

ईदगाहला लेक अब्बूंबरोबर गेली. जाताना मोठ्या रस्त्याने, येताना तलावाकडच्या गल्लीतून. आमच्याकडे बायकांच्या नमाजची व्यवस्था नाही, त्यामुळे अम्मी आणि दादी घरीच होत्या. ज्या गावात तशी व्यवस्था आहे तिथे अख्ख्या घराने मिळून जावे. मुलांना तो प्रवासच लक्षात राहतो.

बासी ईदला दादींच्या इच्छेप्रमाणे माणसे बोलावली. शेजारच्या काकू, मिलमधले दोन सहकारी, दोन नणंदा. प्रत्येकीने एकेक पदार्थ आणला. दादींनी आपल्या वेळेसारखी एकही वाटी रिकामी परत जाऊ दिली नाही.

बकरी ईद आणि लहान मुले

बकरी ईदचा प्रश्न निराळा आणि जास्त नाजूक. बकरा चार-आठ दिवस दारात असतो, मुले त्याला पाला घालतात, नाव ठेवतात आणि मग तो दिवस येतो. आमचे म्हणणे एवढेच की मुलांपासून काही लपवू नये आणि त्यांच्यावर काही लादूही नये. बकरा "तुझ्यासाठी आणला" असे म्हणू नये. तो कुर्बानीसाठी आहे, हे पहिल्याच दिवशी सांगावे. हजरत इब्राहीम (अलै.) आणि हजरत इस्माईल (अलै.) यांची कथा आधीच्या आठवड्यात सांगावी. जनावराला पाणी, सावली आणि चारा देण्याचे काम मुलांना द्यावे. त्याला त्रास न देणे हा कुर्बानीचाच भाग आहे. पाहायचे नसेल तर मुलाला जबरदस्तीने उभे करू नये, रडले तर हसू नये आणि मोबाईलवर चित्रण तर मुळीच करू नये. वाटपाच्या वेळी पिशव्या पोचवायला मुलांना जरूर न्यावे. नातेवाइकांचा आणि गरिबांचा हिस्सा असतो, हे त्यांना पिशवी हातात असताना समजते.

कुर्बानी ऐपत असणाऱ्यावरच आहे. शेजाऱ्याचा बकरा मोठा म्हणून कर्ज काढून बकरा आणणे धर्माला अपेक्षित नाही. 7 जून 2025च्या बकरी ईदला आमच्याकडे कुर्बानी झाली नाही. मुलांना कारण सरळ सांगितले. त्या दिवशी चार घरांतून हिस्से आले आणि लेकीने ते मोजून सांगितले, "अम्मी, आपल्याला सगळ्यात जास्त घरांनी आठवले."

आपल्याच सणांच्या तारखा शेजाऱ्यांच्या सणांवर येतात, तेव्हाही मुले पाहत असतात. 29 जून 2023ला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी होती. त्या वेळी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करता पुढच्या दिवशी केली. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहे, म्हणून ते सहज शक्य झाले. सण मोठा करण्याची हीसुद्धा एक रीत आहे आणि तिला खर्च येत नाही.

यंदासाठी

यंदाही ईद परीक्षेच्या हंगामात येत आहे. आमच्या कपाटाच्या दारावरचा कागद तसाच आहे, फक्त एक ओळ दादींनी वाढवायला लावली: "न सांगता येणाऱ्यांसाठी एक डबा चिवडा तयार ठेवणे." ती ओळ योग्य आहे.

ज्या घरांत लहान मुले आहेत त्यांनी रमजानच्या पहिल्या आठवड्यातच बसून तीन प्रश्नांवर बोलावे, असे सुचवावेसे वाटते. ईदच्या खर्चासाठी आपल्याला कुणाकडे हात पसरावा लागेल का? ईदच्या दिवशी घरातली बाई किती वेळ मुलांजवळ बसू शकेल? आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणची ईद शेवटची कुणी विचारली होती? उत्तरे प्रत्येक घराची वेगळी येतील. कुणाला चार पदार्थ हौसेने जमतात, त्यांनी जरूर करावेत.

गेल्या ईदच्या रात्री लेक दादींजवळ झोपली होती. मेंदीचा हात नाकाशी धरून तिने पुढच्या ईदची तारीख विचारली आणि उत्तर ऐकायच्या आत तिचा डोळा लागला. पितळी पातेले तेव्हा ओट्यावर पालथे होते. यंदा ते पुन्हा कल्हईला न्यायचे आहे.

अल्लाह आपणा सर्वांचे रोजे, नमाज आणि सदके कबूल करो, आपल्या मुलांच्या ईदमध्ये बरकत देवो. आमीन.